बटर आयसिंग: मीठ किती, साखर किती?

चुलीपलीकडे (दिग्रस)
गावात राहून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं ते मिठाचं पिवळं बटर. बिनमिठाचं हवं तर तालुक्याला जा, तिथेही फ्रीझर असलेल्या एखाद्याच दुकानात, आणि बहुतेकदा अर्ध्या किलोच्याच पाकिटात. म्हणून सगळीकडे फिरते ती कृती अशी:

मिठाचं बटर 250 ग्रॅम, आयसिंग शुगर 500 ग्रॅम, दूध 30 मिली, व्हॅनिला 1 चमचा.

हे खारट लागतं. मग 'अजून पाव किलो साखर घाला' हा सल्ला मिळतो. तसं केलं की गोडमिट्ट होतं, वर खारटपणा जिभेच्या मागे राहतोच. लेकरं तेवढा स्पंज खातात आणि क्रीम ताटलीत सोडतात. माझे प्रश्न तीन. मीठ नेमकं किती असावं? साखर कमी करून आयसिंग उभं राहतं का? आणि खारट झालेलं आयसिंग सुधारता येतं का? 'अंदाजाने घ्या' नको, वजनात सांगा.

भट्टीवाला (काटोल)
ताई, आधी बटरच्या पाकिटामागचा तक्ता वाचा. तिथे मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ 2 ग्रॅम. मिठाचं बटर साधारण याच्याच आसपास असतं.

आता तुमची कृती. 250 ग्रॅम बटरमध्ये मीठ 5 ग्रॅम. एकूण आयसिंग 785 ग्रॅम. म्हणजे 0.64 टक्के. गोड पदार्थात मीठ म्हणून ओळखू येऊ नये, तरी चव भरलेली लागावी, यासाठी माझं माप 0.2 ते 0.3 टक्के, म्हणजे 400 ग्रॅम आयसिंगला 1 ग्रॅम. तुमच्या कृतीत त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

पाव किलो साखर वाढवली की एकूण 1035 ग्रॅम, मीठ 0.48 टक्के. अजूनही खारटच. साखर मात्र 64 वरून 72 टक्क्यांवर गेली. निव्वळ साखर घालून 0.25 वर यायचं तर एकूण माल 2 किलो करावा लागेल. त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही.

चुलीपलीकडे (दिग्रस)
मग दोन्ही बटर मिसळायचं का? प्रमाण?

भट्टीवाला (काटोल)
हो. याच कृतीला 100 ग्रॅम मिठाचं, 150 ग्रॅम बिनमिठाचं. मीठ 2 ग्रॅम, 785 मध्ये 0.25 टक्के. वरून चिमूटही घालायची नाही.

एक गोष्ट सुटते लोकांकडून. साखर कमी केली की एकूण वजन घटतं, म्हणून तेवढंच मीठ जास्त जाणवतं. 250 ग्रॅम बटरला 310 ग्रॅमच साखर घेतली तर आयसिंग 590 ग्रॅमच्या आसपास होतं. तिथे मिठाचं बटर 75 ग्रॅम पुरे. साखर उतरवली की मीठही उतरवायचं.

गोडखाऊ_वऱ्हाडी (अकोट)
काऊन जी, एवढा हिशोब कायले? मीठ टाकलं का गोडी आपोआप दबते. आमच्याइकडं पुरणातबी चिमूटभर टाकतेत.

रसायनवाल्या मावशी (वर्धा)
भाऊ, पुरणात मीठ घालतात ते गोडी दाबायला नाही, उठवायला. थोडं मीठ कडवटपणा झाकतं. कडवटपणा झाकला की गोडी आणि वास दोन्ही वर येतात. म्हणजे गोडमिट्ट आयसिंगमध्ये चिमूटभर मीठ घातलं तर ते जास्तच गोड लागू शकतं. मीठ भरपूर वाढवलं की गोडी खरंच दबते, पण तोवर केक खारा झालेला असतो.

गोडी खरोखर कमी करायच्या वाटा वेगळ्या. साखरेचा वाटा घटवा, आंबट घाला, कडू घाला किंवा गार वाढा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखून 'बरोबर आहे' म्हणू नका. केक कापला जाईल तेव्हा जेवढा गार असेल, तेवढ्या गारव्याला चाखा. आपल्याकडे संध्याकाळी मांडवात केक कापेपर्यंत अर्धा तास सहज जातो.

गोडखाऊ_वऱ्हाडी (अकोट)
बरं मावशी, पटलं. मंग चॉकलेटमधी मीठ जास्त चालते ते याच्यानंच का?

रसायनवाल्या मावशी (वर्धा)
अगदी त्यानेच. कोको कडू, मीठ तो कडवटपणा पुसतं. 300 ग्रॅम आयसिंगला 30 ग्रॅम कोको असेल तर 0.35 टक्क्यांपर्यंत मीठ खपून जातं. साध्या व्हॅनिलात तेच खटकेल. फक्त कंपाउंड चॉकलेटच्या विटा वापरणाऱ्यांनी जपून. त्यात कोको कमी आणि साखर जास्त असते, कडवटपणा फारसा नसतोच. तिथे व्हॅनिलाचंच माप धरा.

पाटावरची (ब्रह्मपुरी)
मीठ मोजायचं कसं ते कोणी सांगत नाही. एक ग्रॅम मीठ घरच्या काट्यावर दिसतच नाही. दोन बोटांची चिमूट आणि तीन बोटांची चिमूट यात जवळपास दुपटीचा फरक पडतो. शिवाय खडे मीठ कुटलेलं, सैंधव, पाकिटातलं बारीक मीठ, या प्रत्येकाचं चमचाभर वजन वेगळं.

उपाय सोपा आहे, मिठाचं पाणी करून ठेवा. 10 ग्रॅम बारीक मीठ, 90 ग्रॅम उकळून गार केलेलं पाणी, झाकणाची काचेची बाटली. या पाण्याचा 5 मिलीचा एक सपाट चमचा म्हणजे अर्धा ग्रॅम मीठ. 400 ग्रॅम आयसिंग पूर्ण बिनमिठाच्या बटरचं असेल तर दोन चमचे. एवढ्या पाण्याने आयसिंग सैल होत नाही. दूध घालायचं असेल त्यातून तेवढं वजा करा.

दुसरा फायदा म्हणजे कण लागत नाहीत. मीठ तुपा-लोण्यात विरघळत नाही. कोरडं भुरभुरलं की एका घासात काहीच नाही आणि पुढच्या घासात खडा.

चुलीपलीकडे (दिग्रस)
हे फार कामाचं. साखरेचंही तसंच होतं का? घरी दळलेली साखर कितीही फेटली तरी कचकचते.

पाटावरची (ब्रह्मपुरी)
हो. बटरमध्ये पाणी साधारण 16 टक्के. 250 ग्रॅममध्ये 40 मिली झालं, वर तुमचं 30 मिली दूध. खोलीच्या तापमानाला पाण्यात त्याच्या दुप्पट वजनाची साखर विरघळते. म्हणजे फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर विरघळणार, उरलेली साडेतीनशे कणाच्या रूपानेच राहणार. फेटून तो कण जात नाही, आधीच बारीक असावा लागतो.

घरी करायची तर 100 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम कॉर्नफ्लोअर कोरड्या भांड्यात थांबत थांबत दळा. सलग दळलं की भांडं तापतं आणि साखर बुडाला चिकटते. दळून झाल्यावर झाकण लगेच उघडू नका, धूळ बसू द्या. आधी मैद्याच्या चाळणीने आणि मग मलमलच्या फडक्यातून चाळा. फडक्यावर जे उरतं ते चहाला वापरा, परत दळत बसू नका. कॉर्नफ्लोअर 3 ग्रॅमच्या वर नेलं की कच्च्या पिठाची चव येते.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
मिठाचा हिशोब चाललाय म्हणून विचारतो. आमचा खारपाणपट्टा आहे. विहीर आणि बोअर दोन्ही खारे. या पाण्याने आयसिंगमध्ये मीठ वाढतं का?

रसायनवाल्या मावशी (वर्धा)
चांगला प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, हा विचार करायलाच हवा. समजा पाण्यात लिटरला 2 ग्रॅम क्षार आहेत. आयसिंगमध्ये एक मोठा चमचा पाणी गेलं तर क्षार 0.03 ग्रॅम. ते विसरा. पण स्पंज भिजवायच्या पाकाला 250 मिली पाणी लागतं, तिथे अर्धा ग्रॅम झालं. पाक पातळ, त्यात क्षारांची चव लपायला लोणी नाही, आणि खाऱ्या पाण्यातले सगळेच क्षार खाण्याचं मीठ नसतात. काही कडवट असतात. त्यामुळे पाकाला जारचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. मिठाचं पाणी करायचं तेही त्याच पाण्याने, नाहीतर तुमचा अर्धा ग्रॅम अर्धा ग्रॅम राहणार नाही.

पाकाचाही विचार व्हावा. लोक एक वाटी साखरेला दोन वाटी पाणी घेतात. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या स्पंजला एवढी साखर कशाला? त्या डब्यात जवळजवळ निम्मी साखरच असते. तिथे एकास चार करा, किंवा नुसतं कोमट दूध शिंपडा.

भट्टीवाला (काटोल)
स्पंजमधलंही मीठ मोजा. स्पंज मिठाच्या बटरचा, त्यावर आयसिंगही मिठाच्या बटरचं, मग दोन्हीची बेरीज तोंडात होते. स्पंजमध्ये मिठाचं बटर गेलं असेल तर आयसिंग 0.2 टक्क्यांवर थांबवा. आणि खायचा सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते, तिलाही लोक खारट म्हणतात आणि दोष आयसिंगला देतात.

नवीन_सभासद_77
कुकरमध्ये केक करताना तळाला मीठ घालतो, तेच मीठ वापरलं तर चालेल का?

पाटावरची (ब्रह्मपुरी)
नाही. ते फक्त तापवायचं मीठ. करपून पिवळं-काळं पडतं, भांड्याची काजळी धरतं. वेगळ्या डब्यात ठेवा, त्यावर तसं लिहून ठेवा.

चुलीपलीकडे (दिग्रस)
मिठाचा प्रश्न सुटला. आता गोडी. साखर निम्मी केली तर आयसिंग ढिलं पडतं. नोझलमधून फूल काढलं की पाकळ्या पसरतात.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
पसरणारच. या प्रकारात साखर हाच सिमेंट-वाळूचा माल आहे, ती काढली की भिंत कशाच्या जोरावर उभी राहील? साखर काढायची तर तिच्या जागी दुसरं काहीतरी भरावं लागतं. मैदा शिजवून करायचं आयसिंग करा. साखर 30 टक्क्यांच्या आत येते आणि आयसिंग शुगरही लागत नाही, साधी साखर चालते.

दूध 250 मिली
मैदा 35 ग्रॅम
साखर 190 ग्रॅम
बिनमिठाचं बटर 150 ग्रॅम
मिठाचं बटर 75 ग्रॅम
व्हॅनिला 1 चमचा

जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि मैदा कोरडेच नीट मिसळा. साखरेने मैद्याचे कण वेगळे होतात, गुठळ्या कमी होतात. मग गार दूध थोडं थोडं घालत ढवळा. मध्यम आचेवर सतत हलवत शिजवा. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवू नका. बुडबुडे फुटायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं मोजा, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते आणि ती कशानेच जात नाही. चमच्याने पातेल्यात रेघ ओढली की तळ क्षणभर दिसला पाहिजे.

गाळणीतून दाबून काढा. पसरट ताटात ओता. वर प्लास्टिक असं लावा की ते लापशीला चिकटेल, मध्ये हवा राहिली की साय धरते आणि त्या सायीचे तुकडे नोझलमध्ये अडकतात. आता गार होऊ द्या, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये. सगळं बिघडतं ते याच पायरीवर. उन्हाळ्यात 'गार झालं' म्हणजे 38 अंशांवर आलं असा अर्थ होतो, आणि बटर 32 ते 35 ला वितळतं. ताट फ्रिजमध्ये ठेवा, नसेल तर गार पाण्याच्या परातीत ठेवून दोनदा पाणी बदला आणि पहाटे करा.

बटर एकटंच 5 ते 7 मिनिटं फेटा, पांढरट फुलेपर्यंत. मग लापशी एकेक चमचा, प्रत्येक चमचा पूर्ण मिसळल्यावरच पुढचा. शेवटी व्हॅनिला. एकूण साधारण 650 ते 680 ग्रॅम होतं, 1 किलोच्या केकला मधला थर धरून पुरतं. मिठाचं बटर 75 ग्रॅम म्हणजे मीठ दीड ग्रॅम, भट्टीवाल्या दादांच्या मापात बसतं.

पाटावरची (ब्रह्मपुरी)
यात दोन गोष्टी जोडते. मध्येच दाणेदार, फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका. बहुतेकदा लापशी किंवा बटर जास्त गार असतं. दोन चमचे आयसिंग वाटीत कोमट करून परत घाला आणि फेटत राहा, जुळून येतं. पातळ, चकचकीत झालं तर उलट कारण, गरम आहे. भांड्यासकट 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडेने घट्ट झालं की फेटा. साखर घालून घट्ट करायला जाऊ नका, पुन्हा पहिल्याच फेऱ्यात अडकाल.

आणि हे दुधाचं आहे. रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही.

नवीन_सभासद_77
घरचं लोणी चालेल? म्हशीचं आहे, बिनमिठाचंच असतं.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
चालतं, पण रोजच्या रवीचं जसंच्या तसं नाही. दह्याच्या सायीचं लोणी आंबट आणि त्यात ताक अडकलेलं असतं. आयसिंगमध्ये तासाभराने केकच्या बुडाशी जे पाणी दिसतं ते हेच ताक. आयसिंगसाठी विरजण न लावता ताजी गार साय घुसळा. लोणी वर आलं की बर्फाच्या पाण्यात धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग लाकडी चमच्याने थाळीच्या कडेला दाबत राहा. थेंब येतील ते ओतून टाका. दाबल्यावर थेंब येणं थांबलं की वजन करा, आधी नाही. पाण्यासकट तोललं तर सगळंच प्रमाण चुकतं.

रंगाने पांढरं शुभ्र, पिवळ्या बटरपेक्षा लग्नाच्या केकला उलट बरं.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
मिठाचं बटरही असंच धुऊन मीठ काढता येतं का?

भट्टीवाला (काटोल)
बऱ्यापैकी निघतं. मीठ बटरमधल्या पाण्याच्या थेंबांत असतं, चरबीत नाही. बटर मऊ करा, वितळवू नका, गार पाण्यात चमच्याने मळा, पाणी फेका, परत नवीन पाणी. तीन-चार पाण्यांत खारटपणा स्पष्ट उतरतो. पण किती उतरला ते मोजता येत नाही, म्हणून त्या बटरवर मिठाचं गणित मांडू नका. चाखून ठरवा आणि नंतर थेंब दाबून काढायला विसरू नका. वितळवून मीठ बसवणारे आहेत, पण ते तूप झालं. तूप गार झाल्यावर रवाळ होतं, त्याचं आयसिंग गुळगुळीत होत नाही.

चुलीपलीकडे (दिग्रस)
तिसरा प्रश्न राहिला. खारट आणि गोडमिट्ट दोन्ही झालेलं तयार आयसिंग डब्यात असेल तर?

भट्टीवाला (काटोल)
आत्याबाईंच्या लापशीनेच सुटतं, फक्त लापशी बिनसाखरेची करा. 200 मिली दूध, 25 ग्रॅम मैदा, तसंच शिजवून पूर्ण गार. साधारण 200 ग्रॅम होईल.

बिघडलेलं आयसिंग 400 ग्रॅम घ्या, म्हणजे 250 बटर आणि 750 साखरवालं. त्यात मीठ 1.9 ग्रॅम, साखर 290 ग्रॅम. बिनमिठाचं बटर किंवा घरचं लोणी 150 ग्रॅम आधी वेगळं फेटा, त्यात हे 400 ग्रॅम मिसळा, मग लापशी चमच्याचमच्याने. एकूण 750 ग्रॅम. मीठ 0.26 टक्के, साखर 39 टक्के. चवीला नव्याने केल्यासारखं लागतं. उरलेलं जुनं आयसिंग फ्रीझरमध्ये ठेवा, पुढच्या केकला असंच वापरा. सगळं एकदम सुधारायला जाल तर दोन किलो आयसिंग घेऊन बसाल.

गोडखाऊ_वऱ्हाडी (अकोट)
बाप्पा! हे तर लय भारी काम झालं. आंबट टाकाचं म्हनत होत्या मावशी, थे कसं कराचं? लिंबू पिळलं तर दूध फाटन ना?

रसायनवाल्या मावशी (वर्धा)
बटर आणि साखरेच्या आयसिंगमध्ये 300 ग्रॅमला एक चमचा लिंबाचा रस सहज बसतो. दुधाऐवजी घाला, दुधासोबत नाही. मैद्याच्या आयसिंगमध्ये सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने. मैदा शिजलेला असल्यामुळे ते सहसा फाटत नाही, पण एकदम ओतलं तर सैल होतं. लिंबूसत्व वापरायचं तर 300 ग्रॅमला दोन चिमटी, चमचाभर पाण्यात विरघळवून. कोरडं घातलं की कणाकणाने दात आंबतात.

आंबट घातलं की मीठ थोडं कमी करा. खारट आणि आंबट एकत्र आले की लोणच्याची आठवण येते, केकची नाही.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
आमच्याकडे संत्रं असताना लिंबू कशाला? पण संत्र्याचं नीट समजून घ्या, नाहीतर कडू होतं.

सालीचा वरचा नारिंगी भाग तेवढाच किसायचा, पांढरा लागला की कडू. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, किसणीवर दबते आणि फाटते. म्हणून सोलण्याआधी, फळ फ्रिजमध्ये चांगलं गार आणि कडक करून, हलक्या हाताने किसा. 500 ग्रॅम आयसिंगला दोन फळांची साल. किस साखरेत बोटांनी चोळा, सालीतलं तेल साखर धरते, वास दुप्पट येतो.

रस घालायचा तर आटवून. 200 मिलीचा 40 मिली करा, मंद आचेवर. बिया काढूनच रस काढा, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेला रस काही वेळाने कडवट होतो. या संत्र्याचा रस तसाही ठेवला की कडू होत जातो, म्हणून रात्री काढून सकाळी वापरायचा नाही. थोडा कडवटपणा आलाच तर मिठाच्या पाण्याचा अर्धा चमचा घाला, झाकला जातो.

आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल. मेच्या लग्नांसाठी साल किसून साखरेत चोळून फ्रीझरला ठेवून द्या.

नवीन_सभासद_77
गुळाचं आयसिंग करतात का कोणी? गिऱ्हाईक 'साखर नको' म्हणतं.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
मैद्याच्याच पद्धतीने, साखरेऐवजी गुळाची पावडर 170 ग्रॅम. पण गूळ दुधात घालून उकळू नका, दूध फाटतं. मैदा आणि दूध आधी शिजवा, उतरवून कोमट होऊ द्या, मग पावडर मिसळा आणि गाळा. गुळात स्वतःचा खारटसर अंश असतो, म्हणून मिठाचं बटर 40 ग्रॅमवर आणा आणि बाकी बिनमिठाचं. रंग बदामी येतो, त्यावर गुलाबी-निळी फुलं शोभत नाहीत. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पूर्णाकाठ (दर्यापूर)
पाकिटातलं व्हिप क्रीम वापरणाऱ्यांचं काय? बहुतेक जण तेच वापरतात आता.

भट्टीवाला (काटोल)
वनस्पती तेलाचं जे गोठवलेलं पाकीट मिळतं त्यात साखर आधीच असते, बऱ्याचदा मीठही. घटक वाचा आणि वरून साखर घालू नका. जास्तच गोड वाटतं तर चौथा हिस्सा बिनसाखरेचं 30 टक्के फॅटचं दुधाचं क्रीम त्यात मिसळून फेटा. 25 टक्के फॅटचं जे छोटं पाकीट सगळीकडे मिळतं ते फुलत नाही, ते गनाशला, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेल्या चॉकलेटला, ठेवा. मीठ घालायचंच तर 500 ग्रॅमला मिठाच्या पाण्याचा एक चमचा, फेटायच्या आधी. फुललेल्या क्रीममध्ये पाणी घालून ढवळलं की हवा जाते.

वितळवायचं ते फ्रिजमध्ये, बाहेर नाही. आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही.

चुलीपलीकडे (दिग्रस)
एप्रिल-मेचं सांगा. यवतमाळ काय, चंद्रपूर काय, 44-45 अंश. यातलं काय टिकतं?

भट्टीवाला (काटोल)
खरं सांगायचं तर निव्वळ बटरचं काहीच टिकत नाही. 28 अंशांच्या वर ते आकार सोडायला लागतं. बटरचा तिसरा हिस्सा वनस्पती तूप करा, ते 41 अंशांपर्यंतही घट्ट राहू शकतं. त्यात मीठही नसतं, पाणीही नसतं, म्हणजे मिठाचं बटर पातळ करायलाही उपयोगी. 250 मध्ये 100 मिठाचं बटर, 70 बिनमिठाचं, 80 वनस्पती. याच्या वर नेऊ नका, टाळूला मेणासारखा थर बसतो आणि मग गोडीही जिभेवर रेंगाळते. पाकीट घेताना ट्रान्स फॅटचा आकडा पाहा, 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. सुटं घेऊ नका.

फुलं कमी, सपाट थर जास्त, हे उन्हाळ्याचं डिझाइन. उंच गुलाब हवेत म्हणणाऱ्याला डिसेंबरची तारीख द्या.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
मी वनस्पतीच्या बाजूने नाही. त्यापेक्षा आयसिंग निम्मं करा, आत मैद्याच्या आयसिंगचा पातळ थर, वर चॉकलेटचं गनाश. घट्टही राहतं.

भट्टीवाला (काटोल)
गनाश 45 ला घट्ट राहत नाही, आत्याबाई. दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घेतलं तरी नाही. पण बटरपेक्षा उशिरा सुटतं, एवढं मान्य.

पाटावरची (ब्रह्मपुरी)
लाइट गेली की फेटायचं भांडं गार कसं ठेवायचं, हा खेड्यातला खरा प्रश्न. परातीत बर्फ आणि खडे मीठ, वजनाने तीनास एक, त्यात स्टीलचं भांडं. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. बटर आयसिंग पातळ झालं असेल तर दोन-तीन मिनिटंच ठेवा आणि कडा खरवडत राहा, नाहीतर कडेला खडे आणि मध्ये पातळ अशी स्थिती होते. व्हिप क्रीमला नुसता बर्फ पुरे, मीठ घालू नका, कडेचं क्रीम गोठतं आणि नंतर पाणी सोडतं.

आणि भांडं उचललं की आधी बूड पुसा, मगच आयसिंग पिशवीत भरा. बुडाला लागलेलं खारं पाणी ओतताना काठावरून थेट आत जातं. एक चमचा गेलं तरी वरचा सगळा हिशोब पाण्यात.

चुलीपलीकडे (दिग्रस)
नोंदवून घेतलं. उद्याच्या केकला आत्याबाईंचं मैद्याचं, 75 आणि 150 च्या मापाने. बिनमिठाचं बटर नसल्याने लोणी घुसळायला साय काढून ठेवलीय.

आत्याबाई_बेक्स (वरुड)
साय आजच फ्रिजमध्ये ठेवा, घुसळाल तेव्हा गार हवी. आणि लोण्याचं वजन थेंब दाबून काढल्यावर!